भंडारा लावायच्या आधी

बाळांनो, सोनाबाई कित्येक वर्षांपासून आमच्याकडे घोंगड्या घेऊन येतात. यंदा दिवाळी सरल्यावर अंगणात बसून त्यांनी जे सांगितले ते मी त्याच दिवशी लिहून काढले. शब्द त्यांचेच ठेवले आहेत. सावकाश आणि मोठ्याने वाचा, म्हणजे कळेल.

काय सांगू बाई तुमाला, आमी धनगर, घाटनांदूरच्या अंगाला डोंगराखाली आमची वाडी, पर वाडी म्हणायची ती पावसाळ्यापुरती, आखाडात यायचं अन् दिवाळी झाली की मेंढरं हाकत गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, जायचं, घर म्हणजे घोड्यावर लादलेलं बाजलं अन् त्याला बांधलेल्या कोंबड्या. माझा जलम बी वाटंवरच झाला, कोणत्या गावच्या शिवारात ते मायला धड सांगता येत न्हवतं. तवा राज निजामाचं. सायब लोक उर्दूत बोलायचे, त्यातलं निम्मं कळायचं, निम्मं आमी हात जोडून भागवायचो.

माझा थोरला भाऊ बिरू. ल्हानपणी त्याला ताप आला अन् तापात डावा पाय गेला, म्हणजे पाय होता, पर सुकल्या काठीवानी, टेकता यायचा न्हाई. आता तुमीच सांगा बाई, धनगराच्या पोराला चालता आलं न्हाई तर त्यानं करायचं काय? कोकरांसंगं त्याला घोड्यावर बसवायचे. पोरं चिडवायची, बिरू कोकरू, बिरू कोकरू, अन् हा बी बें करून दाखवायचा, सगळे हसायचे, माय तेवढी तोंड फिरवायची. आबा, म्हणजे माझा बाप, म्हणायचे, कोकरू दोन म्हैन्यांत उतरून चालाया लागतं, हा कवा उतरायचा.

मंग एका पावसाळ्यात मास्तर आले. अंबाजोगाईकडचे, तरणे, लई बारीक, छत्री तेवढी नवी. बाभळीखाली शाळा भरवली. घराघरातून पाळीनं भाकरी द्यायची, तोच त्यांचा पगार. बिरू सगळ्यात पुढं, कावून की बसायचं काम त्याला पयल्यापासून येत होतं. मास्तर आबाला म्हणले, ह्याचं अक्षर बघा, असाच शिकला तर कुठंबी सरकारी दप्तरात, कचेरीत, बसून भाकरी खाईल. बसून भाकरी. आबाला बाकीचं काही ऐकूच आलं न्हाई. त्या दिसापास्नं आबाचं एकच, मास्तर टिकला पायजे.

पर मास्तर भाकरीवर किती दिस टिकणार? म्हणले, सरकारातून इमदाद मिळते शाळेला, इमदाद म्हणजे सरकारी मदत, पर त्याला छपराची जागा लागते, पाट्या लागतात, अन् सायब येऊन बघून जातो. मंग आबा अन् मास्तर दारोदार हिंडले. घाटनांदूरच्या दुकानदारानं पाट्या दिल्या, अन् वर आबाला म्हणला, पाटील, धनगराची पोरं शिकली तर आमाला घोंगडी सवस्तात कोण देणार? हसून म्हणला, पर दिल्या. जागा होती देशमुखाची, जुना गोठा. देशमुख म्हणले, घ्या, पर औंदा साऱ्या वाडीची मेंढरं माझ्याच रानात बसवायची, अन् त्याचं धान मागायचं न्हाई. तुमाला ठाऊक न्हाई बाई, मेंढरं रानात बसली की लेंडीनं जमीन पिकते, म्हणून शेतकरी आमाला धान देतो, त्या धानावर आमचा हिवाळा निघतो. माझा मामा आबावर खेकसला, येडा झालास का बे, एका पोरापायी सारी वाडी उपाशी मारतो. आबा म्हणले, एका पोरापायी न्हाई, साऱ्या पोरांपायी, पर त्यात माझं बी एक हाय. मंग ते घरोघर जाऊन पाया पडले. माझा बाप, सगळ्यात थोरला माणूस, ल्हान्या भावांच्या पाया पडला. मेंढरं देशमुखाच्या रानात बसली. गोठा सारवून घेतला, दारावर आंब्याचं तोरण बांधलं.

सायब दिवाळीच्या आधी यायचा होता. आलाच न्हाई. दिवाळी झाली, आता निघायचं, तर निघालं की पोरं बी निघणार, अन् सायबाला रिकामा गोठा दिसणार. आबा म्हणले, थांबा. थांबलो. डोंगराचं गवत सरलं. मेंढ्या व्याल्या, आयांच्या अंगात दूध न्हवतं, रोज सकाळी मेलेली कोकरं उचलून वढ्याच्या पल्याड टाकायचं काम माझ्याकडं होतं. बायका मायसंगं बोलंनाशा झाल्या. बिरू त्या दिसात हसायचा बंद झाला. मला म्हणला, सोने, ही माझीच कोकरं हायत ना गं? मी म्हणलं, गप अभ्यास कर.

अन् मंग सायब आला. घोड्यावर, मागं शिपाई. शेरवानी, पांढरी दाढी, बोलायला लई गोड. आता आमच्यात रीत अशी की मोठा पाव्हणा आला की बिरोबाचा भंडारा लावायचा, हळद हो, पाव्हण्याला बी अन् आपण बी, अन् मुठीनं उधळायचा. मास्तरांनी शंभर गोष्टी शिकवल्या होत्या, सायबाला काय म्हणायचं, कुठं उभं ऱ्हायचं, पर हे त्यांना ठाऊक न्हवतं, अन् आमाला सांगायचं सुचलं न्हाई, कावून की पाव्हण्याला भंडारा लावतात हे कोण सांगतं का? आबांनी सायबाच्या कपाळाला लावला, आपल्या लावला, थोडा उधळला, राहिलेला मुठीत ठेवला. शेरवानी पिवळी झाली. सायब हसला, झटकलं बी न्हाई.

पोरांनी पाढे म्हणले. बिरूनं वाचून दाखवलं. सायबाला मराठी कळत न्हवती, पर त्यानं डोळे मिटून सगळं ऐकलं. मंग बिरूच्या पायाकडं बोट करून मास्तरांना इचारलं, मास्तरांनी सांगितलं. मंग सायब आबाकडं वळला. शिपायानं इचारलं, सायब पुसतात, ही पोरं सालभर इथंच ऱ्हातात का?

मास्तरांनी आबाला हेच शिकवलं होतं. हा म्हणायचं. एवढंच, हा. पर बाई, भंडारा हातात घेऊन आमच्यात खोटं बोलत न्हाईत. तंट्यात पंच माणसाच्या हातावर भंडारा ठेवतात अन् मंग त्याचा शब्द खरा मानतात. आबाच्या कपाळावर भंडारा, मुठीत भंडारा. मी बघितलं, त्यांनी मूठ उघडली, हाताकडं बघितलं, परत मिटली. अन् म्हणले, न्हाई सायब. दिवाळीला जातो, आखाडात येतो.

शिपायानं ते सायबाला सांगितलं. सायबानं मान खाली घातली. सच बोल्या तू, म्हणला. मगर जो सालभर चलती नै, उस मदरसे कू इमदाद नै. म्हणजे जी शाळा वर्षभर चालत न्हाई, तिला मदत न्हाई. घोड्यावर बसताना परत एकदा बिरूकडं बघितलं अन् गेला.

माय आबाला एकच वाक्य बोलली, तुमी एकदा हा म्हणला असता तर बिरोबा काय मेला असता? मास्तर चार दिसांनी गेले. आबा म्हणले, पोराला संगं न्या. मास्तर रडले, म्हणले, मीच लोकांच्या घरी जेवतो, ह्याला कुठं ठेवू. गोठ्यात देशमुखानं कडबा भरला. आमी गंगथडीला निघालो, उशिरा, उपाशी. बिरू परत घोड्यावर, औंदा कोकरंच न्हवती, एकटाच. त्याच्या मांडीवर पाटी. ती पाटी त्यानं कुठंतरी वाटंत टाकली, मी मागं जाऊन हुडकली, सापडली न्हाई. पाऊस लागायच्या आधी परत ताप आला अन् तापातच गेला. नदीच्या काठाला पुरला. आबा पुढं लई वर्सं जगले, पर भंडारा लावताना त्यांचा हात थांबायचा, ते मी बघत ऱ्हायचे.

मंग आपलं राज आलं, त्याला बी लई वर्सं झाली. गेल्या साली तालुक्याचा सायब वाडीला आला, शाळा द्यायची म्हणला, सगळे म्हणले, सोनाबाई थोरली, तिनं भंडारा लावायचा. मी पिशवी पदराखाली धरून बसले, म्हणलं, आधी त्यास्नी काय इचारायचं ते इचारू द्या. त्यानं तेच इचारलं बाई. तेच. पोरं वर्षभर राहतील ना? माझा थोरला ल्योक म्हणला, हा. त्याच्या कपाळाला काही न्हवतं. सायबानं लिहून घेतलं. मंग मी उठून सगळ्यांना भंडारा लावला.

शाळा झाली. औंदा दिवाळीला मेंढरं गेली, माझी लेकरं गेली, अन् मी जल्मात पयल्यांदा मागं ऱ्हायले. माझ्याकडं वाडीची पोरं हायत, त्यांना भाकरी करून घालते. सगळी न्हाईत. काही आया पोरांना घेऊनच गेल्या, कुणाला अडवू? रोज सांजंला पोरांच्या कपाळाला भंडारा लावते, जेवढी हायत तेवढ्यांना, अन् ल्योकाचा शब्द तेवढाच खरा झाला म्हणते. डोळे आता साथ देत न्हाईत. गुडघे बी गेले, मी बी आता बिरूसारखी, निम्मा दिस बसूनच.

तुमची नातवंडं लांब परदेशात शिकतात म्हणता ना? शिकू द्या. सुखी ऱ्हाऊ द्या. ही पांढरी घोंगडी त्यांच्यासाठी ठेवा, पैसे ऱ्हाऊ द्या. निघते बाई, अंधार व्हायच्या आत पोचायला पायजे, पोरं वाट बघत असतील.