पारावरचे देव

मंडळी, सांगा बरं, घरात पाय ठेवायला जागा नाही इतकं ज्याचं सामान, तो माणूस लोभी की नाही? थांबा! माना डोलावायची घाई नको. आधी सरूआक्कांच्या घरी चला.

आपली रीत ठाऊक आहे ना? देवाच्या तसबिरीची काच तडकली, की तसबीर पिंपळाच्या पारावर! नमस्कार ठोकायचा आणि सटकायचं! आणि आक्का? त्या उचलायच्या. पदराने पुसून घरी आणायच्या. वर्षानुवर्षं! कपाटावर देव, ओट्याखाली देव, पलंगावर तर इतके देव, की आक्का भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायच्या!

अशात आक्का पडल्या, खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, "आडवंच झोपायचं." लेक उज्ज्वला शहरातून आली, ती रिकामी पोती घेऊनच!

"आई, आज पलंग मोकळा झाला नाही, तर उद्या तुला माझ्याकडे नेणार."

"मी घर सोडायची नाही. आणि यांना कुठे टाकशील गं?"

"पारावर!"

"अगं, तिथूनच तर आणलेत!"

हसलात? उज्ज्वला नाही हसली. आयुष्यभर तिने आईला एकच विचारलं होतं, "कशाला हवंय हे?" त्याला काय उत्तर देणार कुणी? त्या दिवशी मात्र ती दमून खाली बसली. हातात लक्ष्मीची तसबीर. म्हणाली, "आई, ही कुठे भेटली तुला?"

आक्कांचा चेहरा असा उजळला! "ही होय? नव्या फ्लॅटच्या भिंतीवर शोभेना म्हणून सोडली एकांनी."

वा! लक्ष्मी बाहेर ठेवून गृहप्रवेश!

"आणि हा मारुती?"

"पावसात भिजत होता बिचारा."

"हे दत्त?"

आक्कांनी दत्तांची तसबीर हातात घेतली. मग हळूच म्हणाल्या, "तुझे बाबा गेले, तूही परत गेलीस, त्या आठवड्यातले. दिवा लावला, तर घरात कुणीच नव्हतं."

मंडळी, दिसतो का कुठे लोभ? मला तर दिसतात टाकलेल्याला आपलं म्हणणारे दोन हात!

आणि नवल बघा! ज्याची गोष्ट सांगून झाली, त्या देवाला आक्का हात जोडायच्या, म्हणायच्या, "आता ने पारावर." दिवेलागणीला पलंग मोकळा! आक्का आपल्याच घरात आडव्या झाल्या. उशाशी फक्त दत्त.

आज आक्का नाहीत. तडकल्या काचेचे दत्त उज्ज्वलाच्या फ्लॅटमध्ये आहेत. भिंतीवर शोभत नाहीत. पण आहेत!

तुमच्याही घरी असेल कुणाची अशी भरलेली खोली. पोती मागाहून न्या हो! आधी शेजारी बसा, एक वस्तू हातात घ्या आणि विचारा, "ही कुठे भेटली तुला?" सांगायला माणूस आहे, तोवर विचारा!