वस्तऱ्याखालचे अध्यक्ष

अरं, परवा अंथुर्ण्यात सलीमभाईच्या सलूनात रक्तच निघालं असतं! आमच्या दूध संस्थेचे नवे अध्यक्ष तात्या तोंडाला फेस लावून, डोळं मिटून बसल्यालं. मी मोबाईलवर अमेरिकेच्या बातम्या बघत म्हणलं, "अध्यक्ष निवडून आला खरा, पण निम्मी लोकं विरोधात हायती. आल्या आल्या माणसं कामावरनं काढायला लागलाय."

तात्या वस्तऱ्याखालनं ताडकन उठलं. "दोघंच काढली! अन् ती बी विरोधातलीच व्हती!"

सलीमभाई ओरडला, "तात्या, मान! त्यो अमेरिकेच्या अध्यक्षाचं बोलतोय."

तात्या बसलं, पण पाय काय हलायचा थांबंना. "तिकडं अविश्वास ठराव आणत्यात का रं?"

"न्हाय," मी म्हणलं. "चार वर्षं बसला म्हंजे बसला."

"चांगला देश हाय," म्हणत तात्यांनी मान ढिली सोडली.