माझ्या अंगातले छर्रे

माझं माहेर कर्जतकडचं, दिलेली इकडं खालापूरच्या डोंगराखाली. घरची भातशेती, मालक रसायनीला कारखान्यात, आनि मी वरच्या माळावर काकडी, दुधी, पडवळ लावायची. माझा आवाज पयल्यापासून मोठा, मालकांशी भांडले का सगळ्या आळीला कळायचं, म्हनून तर पुढचं झालं.

त्या दिवशी सकाळी असंच भांडलो, कशावरून ते आता आठवत बी नाय. दिवस कलायला मी माळावर काकड्या काढाय गेले, वाकले, आनि करवंदीच्या जाळीतनं धाडकन आवाज, धूर, मांडीत नि कमरेत नुसती आग. कोन हाय रं, म्हनून वरडले, तर कुनीतरी पळाल्याची पानं वाजली. मानूस दिसला नाय. हे नीट ध्यानात ठेवा, मानूस दिसला नाय.

आता आमच्या घरात रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक, मालकांच्या नावावर, आनि मालक तवा सुट्टी म्हनून घरात एकटेच, वर सकाळचं भांडान सगळ्या आळीनं ऐकलेलं. पोलिसांनी नेलं त्यांना. माझा भाऊ बबन, शिळफाट्याला दुकान हाय त्याचं, दवाखान्यात आला तो रडतच, म्हनतो ताई, भावजींनीच मारली, तू फकस्त सांग मी बघितलं. मी म्हनलं बबन, जे दिसलं नाय ते कसं सांगू रं? पन काय सांगू तुमाला, भावाला गप केलं तरी मनाला कोन गप करनार, सकाळचं भांडान आठवायचं नि वाटायचं, यांनी तर नसंल मारली?

तपासाला फौजदार बाई होत्या, तरन्या पन पक्क्या. सासूबाई माझं रक्ताचं लुगडं धुवाय निघाल्या तर म्हनल्या आजी, हात लावू नका, आनि ते सावलीत वाळवून कागदात बांधलं. डाक्टरांनी माझ्या अंगातनं काढलेले छर्रे बाटलीत घालून वर लाख लावली. मालकांचे हात पुसून घेतले, बंदूक नेली. जाळीपाशी चिंधीचा जळका बोळा घावला, तो बी उचलला. मी म्हनलं बाई, हा कचरा कशाला? तर म्हनल्या सुमनताई, ठासणीच्या बंदुकीत दारूवर असा बोळा ठासतात, तुमच्या घरच्या बंदुकीत तयार काडतूस जातं.

मुंबईच्या प्रयोगशाळेतनं अहवाल यायला लई दिस लागले. लुगड्याच्या भोकांपाशी दारूचं काळं नव्हतं, भोकं एकमेकांपासून लांब पडलेली, म्हंजे बार लांबनं झाला. माझ्या अंगातलं शिसं सुरीनं कापलेलं, वाकडंतिकडं, काडतुसातले छर्रे सगळे गोल. मालकांच्या हातावर बंदुकीची दारू नाय. मी म्हनलं मग सुटले ना? बाई म्हनल्या, हात धुतले तरी ती जाते, एवढ्यावर नाही ठरवत मी, सगळं मिळून बघायचं.

खालच्या वाडीतला धाकू चोरून डुकरं मारायचा, वाकलेली मी त्याला डुकर वाटले असंल. त्याच्या घरी ठासणीची बंदूक मिळाली, कापलेलं शिसं मिळालं, आनि एक फाटकी लुंगी, तवा मालकांना सोडलं. कोर्टात त्याचा वकील म्हनला शिसं कुनाकडंबी असतं, तर प्रयोगशाळेचे साहेब सरळ म्हनले, बरोबर, नुसत्या शिशावरनं हीच बंदूक असं मी सांगनार नाय. मग त्यांनी बोळ्यातली चिंधी उलगडून लुंगीशेजारी ठेवली. फाटलेली कड कडेला बसली, धाग्याला धागा, चौकडीला चौकडी. वकील माझ्याकडं वळला, बाई, नवऱ्याला वाचवाय बोलताय? मी म्हनलं साहेब, मी नवऱ्याला बघितलं नाय, धाकूला बी नाय, धूर बघितला आनि आवाज ऐकला, याच्याफुडं एक शबूद मिळनार नाय.

धाकूला शिक्षा झाली. बबन घरी आला, मालकांच्या पायाशी वाकला, मालक म्हनले ऊठ रं, बहिनीसाठी बोललास. मी मात्र यांना एकदाच सांगितलं, मला बी शंका आली होती. तर म्हनले, मलाबी आली असती.

आता पाय थंडीत ठनकतो, पन माळावर जाते. धाकूची बायको बाजारात भेटते, मान खाली घालते. मी म्हनते अगं वर बघ, तू काय केलंस? पोरांना शाळेतनं काढू नकोस. देव तिचं बरं करो. आनि तुमी, च्या घेतल्याबिगर उठायचं नाय.