कॉम्प्युटर सोडून सगळं

…तर खुर्ची आली, टेबल आलं, मॉनिटर आला, कीबोर्ड आला, माऊस आला, धूळ बसू नये म्हणून वरून घालायचं निळं कव्हरसुद्धा आलं, फक्त कॉम्प्युटर तेवढा आला नाही, आणि याला म्हणे खरेदी म्हणायचं. नाही, तुम्ही हसू नका, आधी ऐका. मीही हसले नव्हते, म्हणजे त्यांच्यासमोर नव्हते.

आमच्या शेजारच्या भाऊजींची गोष्ट आहे ही. त्यांना सगळी बिल्डिंग थांबाकाका म्हणते, खरं नाव पोस्टमनला माहीत असेल तर असेल. पाणीखात्यात मीटर वाचायची नोकरी केली, आता निवृत्त झालेत, माणूस निर्व्यसनी, सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण काही विकत घ्यायचं म्हटलं की एकच वाक्य, "थांब, उतरेल." मला विचाराल तर सगळा दोष त्या फ्रिजचा आहे. नवीन लग्न झालं तेव्हा फ्रिज घ्यायचा होता, भाऊजी म्हणाले थांब, उतरेल, आणि त्या मेल्याचा भाव खरोखर उतरला. झालं. त्या एका फ्रिजवर माणूस आजपर्यंत जगतोय. छत्रीसाठी थांबले, पावसाळा संपला. पंख्यासाठी थांबले, थंडी आली. मुलीच्या सायकलसाठी थांबले, तर ती शिकली, नोकरीला लागली आणि तिनेच यांना स्कूटर घेऊन दिली. त्यावर काय म्हणावं यांनी? "बघ, थांबलो म्हणून स्कूटर मिळाली."

आता त्यांची बायको. तिला आम्ही सगळे बिल्लेवाली म्हणतो, कारण ती घरी शाळांचे, कंपन्यांचे बिल्ले भरते, शर्टाच्या खिशावर असतात ना, भरतकामाचे, ते. तुम्हाला वाटेल सुईदोरा घेऊन बसत असेल. छे, मशीन आहे तिचं. पण त्या मशीनला स्वतःची अक्कल नसते. आधी कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, कुठला धागा कुठून निघून कुठे जाणार, आधी कुठला रंग, मग कुठला, हे एकेक टाक्याचं ठरवायचं, मग ते पेनड्राइव्हमध्ये घालून मशीनला द्यायचं, की मशीन खटखट खटखट भरत सुटतं. तो पेनड्राइव्ह ती घराच्या किल्लीबरोबर गळ्यात घालते. अंघोळीला जाताना तेवढा काढते, मी पाहिलंय, म्हणजे दार उघडं होतं, बाहेरच्या खोलीचं.

तर वर्षानुवर्षं बिचारी रुमालावर नावं आणि टॉवेलवर फुलं भरत आली, आणि यंदा पहिल्यांदा अख्ख्या शाळेचं काम तिच्या दारात आलं. त्या शाळेचं चिन्ह आधी मशाल होतं. नव्या मोठ्या बाई आल्या, त्या म्हणाल्या घुबड हवं, पुस्तकावर बसलेलं, डोळे मोठे, कारण घुबड म्हणजे हुशारी. आता मी कोणाला घुबड म्हटलं तर तो जन्मात माझ्याशी बोलणार नाही, पण शाळेचं म्हणजे वेगळं असतं. त्यांनी सांगितलं, सोमवारी नमुना दाखवा, आवडला तर सगळ्या मुलांचे बिल्ले तुमचे, नाही दाखवलात तर दुसरीकडे देतो. दुसरं कोणीतरी टपलेलंच होतं. बिल्लेवालीने धागे आणले, तपकिरी चार तऱ्हेचा, पिवळा दोन तऱ्हेचा, आणि बसली कॉम्प्युटरवर.

तो कॉम्प्युटर… काय सांगू. चालू केला की गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. घुबडाचं डोकं झालं, चोच झाली, एक डोळा झाला, आणि दुसऱ्या डोळ्याला हात घातला की ठप्प. पुन्हा चालू करा, पुन्हा डोकं, पुन्हा चोच, पुन्हा एक डोळा, पुन्हा ठप्प. मी वाटी परत द्यायला गेले होते तेव्हा ती हातावर हनुवटी टेकून त्या काण्या घुबडाकडे बघत बसली होती. म्हणाली, "ताई, असंच दिलं तर?" मी म्हटलं, "अगं, मुलं म्हणतील अर्धीच हुशारी दिली."

मग ती भाऊजींना म्हणाली, "अहो, आता नवा घ्यायलाच हवा." आणि त्यांनी पेपर खाली न करता म्हटलं…

बरोबर. थांब, उतरेल.

आणि दुसऱ्याच दिवशी, तुम्हाला सांगते, त्याच पेपरात आलं की कॉम्प्युटर महागले. नुसते महागले नाहीत, अजून महागणार. आत काहीतरी मेमरी म्हणून असते, ती म्हणे मोठमोठ्या कंपन्या ट्रक भरभरून उचलतात, आपल्याला उरत नाही. भाऊजींनी ती बातमी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली, आणि मी त्या माणसाला पहिल्यांदा चप्पल उलटी घालताना पाहिलं. बिल्लेवाली पिशवी घेऊन मागे निघाली, आणि मला तसंही कोपऱ्यावर जायचंच होतं, म्हणून मी गेले.

दुकानात ही गर्दी. घेणारा एक नाही, पण बोलणारे सगळे. एक गृहस्थ काउंटरवर बोट आपटून म्हणत होते, "मला कालच्या भावाने द्या. मी कालच बघून ठेवलाय." दुकानदार म्हणाला, "बघून ठेवलात, घेऊन ठेवायला हवा होतात." एक बाई, चष्मेवाल्या, वकील असाव्यात, त्यांचा प्रश्न वेगळाच. "यात नवीन काय घातलंत?" "काही नाही, मॅडम." "मग वाढलं काय?" "किंमत, मॅडम." आणि कोपऱ्यात एक टकले काका इतके प्रसन्न उभे होते की मला शंका आली, यांना फुकट मिळाला की काय. दुकानदाराने विचारलं, "तुम्हाला काय दाखवू?" तर म्हणाले, "काही नको, माझा मागच्याच महिन्यात घेऊन झालाय. आज किती झाला ते बघायला येतो." रोज येतात म्हणे. आकडा ऐकतात आणि तृप्त होऊन घरी जातात. आता अशा माणसाला कोणी दोन धपाटे का घालत नाही?

आमच्या भाऊजींचं एका कॉम्प्युटरशी जुनं नातं होतं. काचेच्या कपाटात, डावीकडे. येता-जाता त्याचा भाव विचारायचे आणि निघून जायचे, इतके की दुकानदार त्यांना बघितलं की आपणहून आकडा सांगायचा. आज त्यांनी विचारलं तर दुकानदाराने आधी स्टूल पुढे केलं. मग हळूच सांगितलं, आजारी माणसाच्या नातेवाइकाला सांगतात तसं. भाऊजींनी कपाटाला हात टेकला. म्हणाले, "पण हा तर उतरणार होता."

"काका," दुकानदार म्हणाला, "तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ना, तोच त्याचा उतरलेला भाव होता."

बिल्लेवालीने पर्स घट्ट धरली आणि म्हणाली, "अहो, असू दे. घेऊन टाकू. सोमवार आलाय." आणि मला वाटलं, आता घेतात. देवाशपथ वाटलं. पण दुकानदाराची जीभ वळवळली. म्हणाला, "कॉम्प्युटरचा डबाच तेवढा महागलाय काका, मॉनिटर अजून जुन्याच भावात आहे. पुढच्या आठवड्याचं सांगता येत नाही."

तुम्हाला सांगते, भाऊजींचा चेहरा उजळला. माणसाला साक्षात्कार होतो म्हणतात तो असाच होत असणार. जे महागलंय ते घेणं म्हणजे मूर्खपणा, आणि जे महागलं नाही ते महागायच्या आत घेणं म्हणजे शहाणपणा. "मॉनिटर द्या," म्हणाले. कीबोर्ड? "तोही जुन्याच भावात." द्या. माऊस? द्या. टेबल, त्याला जोडून फिरती खुर्ची? "खुर्ची महागणार आहे का?" "खुर्चीचं काय काका, सगळंच महागणार." द्या. कव्हर? बिल्लेवाली म्हणाली, "अहो, कव्हर कशावर घालायचं?" तर म्हणाले, "अगं, डब्याचं थांब, उतरेल. पण कव्हर चढलं तर?"

टेम्पो करून आणलं सगळं. आणि तरीही निभावलं असतं हो, कारण जुना डबा घरात होता, रडतखडत का होईना चालत होता, त्याला नवा मॉनिटर लावून दुसरा डोळा कसाबसा काढला असता तिने. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली, दोन दिवस वाढवून द्या म्हणून हातापाया पडायला. मोठ्या बाईंनी बुधवारपर्यंत मुदत दिली, बुधवारनंतर एक तासही नाही म्हणाल्या. ही धावतपळत घरी आली. मी दारातच होते, म्हणजे पायपुसणं झटकत होते. आत भाऊजी त्या फिरत्या खुर्चीत बसून डावीकडे-उजवीकडे गोल फिरत होते, आणि गालात हसू मावत नव्हतं.

"ओळख, मी आज काय केलं."

ती म्हणाली, "काय?"

"दुकानात पाटी लागली होती, जुने कॉम्प्युटर घेतो. नव्यांचा भाव चढला ना, म्हणून जुन्यांचाही चढला. आयुष्यात पहिल्यांदा चढत्या भावात विकलं काहीतरी. उद्या उतरला असता."

बिल्लेवालीने टेबलाखाली बघितलं. तिथे डब्याच्या आकाराची धूळ होती फक्त. चारी कोपरे अगदी आखल्यासारखे.

ओरडली नाही हो ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. सावकाश चपला काढल्या, गळ्यातला पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला, आणि म्हणाली, "उठा." ते उठले. ती बसली. माऊसवर हात ठेवला, हलवला, दोनदा टकटक केलं, आणि दोघंही मॉनिटरकडे बघत राहिली. तिथे काय दिसणार? दोघंच दिसत होती. मग ती म्हणाली, "अहो, बुधवारपर्यंत घुबड कशावर काढू? कव्हरवर?"

भाऊजींनी तोंड उघडलं. मला वाटलं आता म्हणतात ते वाक्य, आणि आता यांचा संसार संपतो. पण त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला. तिच्याकडे बघितलं, टेबलाखालच्या धुळीकडे बघितलं, आणि तो एवढा मोठा माणूस मटकन जमिनीवर बसला. "अगं, मला खरंच वाटलं तू खूश होशील," म्हणाले. डोळे भरले होते तिचे. पहिलं मोठं काम हो. कोणाचे रुमाल नव्हते ते.

आता अशा वेळी माणसाने काय करावं? पायपुसणं झटकत राहावं? माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे आहे ना."

आमचा मुलगा परगावी गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर ठेवून गेला होता, कपड्याखाली झाकलेला. इतके दिवस आमचे हे त्यावर टोपी ठेवायचे. पण भाव वाढल्याचं कळल्यापासून टोपी गेली, रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायला लागले, आणि मला म्हणाले होते, "कोणाला सांगू नकोस आपल्याकडे आहे म्हणून." मी घरात जाऊन सांगितलं तर म्हणाले, "वापरून झिजेल." मी म्हटलं, "टोपी झिजली का?" फडकं घेऊन पुन्हा पुसत बसले. मग स्वतःच उठून प्लग लावला.

बिल्लेवाली आली, तिने आपलं डिझाइनचं सॉफ्टवेअर घातलं, पेनड्राइव्ह लावला, आणि काय सांगू, डोकं झालं, चोच झाली, एक डोळा झाला, आम्ही चौघंही श्वास रोखून… आणि दुसरा डोळाही झाला. घुबड आमच्याकडे टक लावून बघत होतं. इतकं गोड जनावर मी पाहिलं नाही. बुधवारी नमुना गेला, मोठ्या बाईंनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, सगळे तुम्हीच करा.

छान झालं ना? छानच झालं. पण सारखं इकडून तिकडे पळायला नको म्हणून भरतकामाचं मशीनही आमच्या हॉलमध्ये आलं. मग धाग्यांची कपाटं. मग एवढ्या घरात एकटं काय करायचं म्हणून भाऊजी. आता सकाळपासून खटखट खटखट, आमच्या सोफ्यावर घुबडांचे ढीग, आणि भाऊजी नि आमचे हे मांडीला मांडी लावून पेपरातले भाव वाचतात. शाळेचे पैसे आले त्या दिवशी मी म्हटलं, चला, आता नवा डबा येणार, माझा हॉल मोकळा होणार. बिल्लेवाली निघालीही होती पर्स घेऊन. तर कोण म्हणालं असेल, थांबा, उतरेल? भाऊजी नाही हो. ते तर चप्पल घालून उभे होते. आमचे हे म्हणाले.

काल दुपारी मात्र माझं डोकं उठलं. त्यांच्या घराची किल्ली असतेच माझ्याकडे, अडीअडचणीला. गेले नि त्या फिरत्या खुर्चीत बसले. आहाहा, पाठ टेकली की कोणीतरी मागून धरल्यासारखं वाटतं. पण इतकी शांतता की करमेना. शेजारी काय चाललंय ते कळायला नको का? आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे, बांधणाऱ्याने काटकसर केली त्याला मी काय करणार. खुर्ची चाकांवरच होती, सरकवली भिंतीपाशी, आणि हळूच कान लावला.

स्पष्ट ऐकू आलं सगळं. बिल्लेवाली म्हणत होती, "ताई कुठे दिसत नाहीत?" आमचे हे म्हणाले, "असेल कोणाच्या तरी दारात." मग भाऊजी म्हणाले, "मनाने लाख आहेत हो, पण जरा चौकस." आणि तिघंही हसली. माझ्या घरात बसून.

आता भांडायला जावं, तर ऐकलंत कुठून, ते सांगावं लागेल. मग काय करणार, राहिले तशीच बसून. खुर्ची मात्र चांगली घेतलीय त्यांनी.