शपथ कोणत्या भाषेत?

अरे, मास्तरकीत इतका ओशाळलो नव्हतो मी कधी. सातवीच्या वर्गाला मोबाइलवर ब्रिटनची संसद दाखवत होतो. पोटनिवडणुकीत जिंकून आलेल्या एक बाई शपथ घेत होत्या. आधी इंग्रजीत घेतली, मग तीच दुसऱ्या भाषेत.

साखरशेत पाड्यावरच्या सुनीताने विचारलं, "सर, ही कोणती भाषा?"

"वेल्श. त्यांच्या घरची."

"मग कोणी हसलं नाही त्यांना?"

"छे! हसायचं काय त्यात? अभिमानाची गोष्ट आहे."

"सर, काल मी वारलीत उत्तर दिलं, तेव्हा तुम्हीच पहिले हसलात."

तिच्या बाकापाशी जाऊन, मान खाली घालून मी म्हणालो, "चुकलं गं माझं."

माझं हसणं अख्ख्या वर्गाने ऐकलं होतं. माफी मात्र इतक्या हळू मागितली, की ती तिला एकटीलाच ऐकू गेली.