करवंटीतली बाळंतीण

रविवार, तान्हा पोळा, दुपारची वेळ. तेलंगणातलं बोथ, आमचं घर. हजर: सांगणारी मी, पुष्पा, खुर्चीत बसलेल्या माझ्या सासूबाई, लिहून घेणाऱ्या तुमी, आणि टाकीतलं माशांचं कुटुंब. मिस्टर गैरहजर, बेल्लमपल्लीला खाणीत ड्युटीवर.

मी मूळची बाजारहत्नूरची. वडिलांचा भाजीचा मळा होता, कोणत्या मातीत काय येते हे पाहूनच ते रोप लावायचे, आणि तीच सवय मला लागली. पुढे शिकले, मंडल ऑफिसात, म्हणजे तहसीलात, लागले, लग्न होऊन इथं आले. घरातलं किराण्यापासून औषधापर्यंत सगळं मी यादी करूनच आणते, त्यावरून आई मला तहसीलदारीणबाई म्हणतात. आई म्हणजे या सासूबाई.

काय सांगू तुमाला, न्हाणीत पाय घसरून मांडीचं हाड मोडलं तेव्हापासून आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले आता उठून बसवा, चालवा, नाहीतर पाय कायमचा जाईल, पण आई ऐकतील तर ना, झालं माझं, काऊन छळून राह्यली मले, एवढंच म्हणायच्या. ज्या बाईनं अख्ख्या गल्लीतली बाळंतपणं केली, जिच्या एका आवाजानं लग्नातले आचारी कामाला लागायचे, ती बाई भिंत पाहत पडलेली मला पाहवेना. मग भिंतीच्या उलट्या बाजूला पाहण्यासारखं काही ठेवायचं मी ठरवलं. टीव्ही नको म्हणाल्या, त्यात नुसत्या सुना रडतात. म्हणून दोन फुटांची काचेची टाकी घेतली आणि पलंगाजवळ बुटक्या स्टुलावर ठेवली, मुद्दाम बुटक्या, म्हणजे नीट पाहायचं तर उठून बसावंच लागलं पाहिजे.

आदिलाबादच्या दुकानदारानं निळी-पिवळी चमचमती जोडी दाखवली, मॅडम, ये राम है, राम की जोडी. नाव ऐकलं आणि घेतली. आई पहिल्यांदा कुशीवर वळल्या, हात जोडले, यातली सीता कोणती वं, विचारलं. आठवडाही झाला नाही आणि नर उलटा तरंगताना दिसला, पाठोपाठ मादी. आता माणूस गेला की त्यानं राम म्हटला असं आपण म्हणतो, आणि इथं तर रामच गेलेला, हे घरात तोंडानं बोलायचं कसं? मी म्हणाले, आई, ते वनवासाला गेले. पिशवीत घालून नेले ते पाहिलं मी, म्हणाल्या, आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या.

मग मात्र वडिलांसारखी आधी माती पाहिली. आपल्या बोअरचं पाणी जड, हंड्याला पांढरा थर धरते, आणि रामला लागते मऊ पाणी. म्हणून तो बाद. अपिस्टोग्रामा नावाचा मासा देखणा, पण त्याचीही तीच खोड, बाद. शंखात राहणारे बारके मासे जड पाण्यात सुखानं पिलं देतात, पण रंगानं मातकट, आईंच्या चष्म्यातून दिसणार नाहीत. उरला क्रिबेन्सिस. बोटाएवढा, आपलं पाणी चालते, दोन फुटांत मावते, आणि गुहेसारखा आडोसा दिला की आपलं आपण घर मांडते. नागपूरहून जोडी मागवली. ते नाव म्हणता म्हणता माझी कवळी पडल, आई म्हणाल्या, आणि देवाचं नाव ठेवायचं नाही हेही बजावलं. मादी झाली ठमी, नर ठोंब्या. भांडीवाल्या लक्ष्मीनं काचेवर टकटक करून विचारलं, अम्मा, ई चेपलु तिंटारा, म्हणजे हे मासे खातात का, तर आई तिच्यावर अशा ओरडल्या की मला बरंच वाटलं, आवाज तरी परत आला.

नारळाची अर्धी करवंटी घासून, उकळून, कडेला दार कापून टाकीत पालथी घातली. काही दिवसांनी ठमीचं पोट कुंकवासारखं लाल झालं, अंग वळवून ती ठोंब्यासमोर मिरवायला लागली. आणि मग एकदम दिसेनाशीच झाली. हीपण गेली तर आई पुन्हा इकडे वळणार नाहीत. मी करवंटीत बॅटरी मारून पाहायला लागले तर मागून आवाज, बाळंतिणीच्या खोलीत उजेड पाडते का वं, हो बाजूला! त्यांनी आपलं जुनं लुगडं काचेवर टाकायला लावलं, आणि कोपरा उचलून पाहायचा हक्क फक्त त्यांचा. त्यासाठी मात्र उठून बसावं लागायचं, पाय खाली सोडून. मी दारातून पाहायची.

एके सकाळी हाक आली, पुष्पे, धाव! पाहते तर ठमीच्या मागे धुळीचा ढग उठावा तशी पिलं, आणि कडेनं ठोंब्या पहाऱ्याला. ठमीनं अंग झटकलं की सगळी पिलं चिडीचूप खाली बसतात, एखादं भरकटलं तर ती तोंडात धरून आणते आणि कळपात सोडते. काय बाई आहे, मी म्हणाले. आईंना वाटलं मी ठमीलाच म्हणते.

आता पिलं मोठी झाली, त्यांना वेगळी टाकी पाहिजे. ती मी व्हरांड्यात मांडली. आई म्हणाल्या, इथं आण. मी म्हणाले, इथं जागा नाही. मले शिकवते का वं, म्हणाल्या, पण थोड्या वेळानं पितळेचा लोटा घासून मागितला. पहिलं पाणी त्याच घालणार आहेत. पलंगावरून खुर्चीपर्यंत आल्या आहेत, मधला उंबरठा राहिला आहे. देव त्यांच्या पायात बळ देवो. लोटा खुर्चीखाली आहे, टाकी अजून कोरडी आहे.