व्हायोलिन कुणी वाजवलं?

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना आज निरोप द्यायचा ते आमच्या वादसभेचे सर आणि पंख्याखालच्या जागा पटकावून बसलेले श्रोतेहो,

हे भाषण मी आठवडाभर उद्यावर ढकललं. आत्ता जिन्यात बसून लिहिलंय, तेव्हा मध्येच फाटे फुटले तर सांभाळून घ्या.

पॅलेस्टाईनच्या लोकांसाठी मोर्चा निघाला, त्यात मीही होतो. संध्याकाळी दोन वाहिन्यांवर झळकलो. एकीवर माझ्या वर गेलेल्या हाताभोवती लाल गोल, खाली 'जमाव भडकला'. हात वर होता तो मित्राला हाक मारायला! दुसरीवर मी डोळे पुसतोय आणि मागे व्हायोलिन. धूळ गेली होती हो! आई म्हणाली, "एकीकडे गुंड, दुसरीकडे दुःखी. घरी कधी येणार, ते मेले कुठेच दाखवत नाहीत."

वादसभेत मग हाच विषय. सर म्हणाले, "लाल गोल खोटा, तसं व्हायोलिनही खोटं. भावना म्हणजे पुरावा नव्हे."

सरांचे जिवलग, आपले चष्मेवाले काका, ताडकन उठले. "तिथं लेकरं मरताहेत आणि तुम्ही व्हायोलिन मोजा! काळजाला न भिडणारी बातमी वाचतं कोण?"

"रडवूनच पटवायचं तर खरं-खोटं हवं कशाला? गिऱ्हाइकाच्या गळ्यात फ्रेम मारताना ठीक आहे."

"असं? मग काढा माझ्या दुकानातला चष्मा!"

सरांनी काढला. टेबल समजून माझ्या चहात ठेवला आणि ताठ मानेनं बाहेर पडायला म्हणून कपाट उघडलं.

हसू नका. तेव्हापासून दोघांत अबोला आहे, आणि उद्या सर कायमचे लेकीकडे चाललेत. काकांना बोलवायला गेलो, तर म्हणाले, "तुमच्याकडे गहिवराला बंदी ना? मी कशाला येऊ?"

सर, एक सांगायचं राहिलं. मोर्चात एका बाईंच्या हातातल्या पाटीवर तिकडे मारल्या गेलेल्या त्यांच्या भाच्याचं नाव होतं. नुसतं नाव. ते वाचून मी खरंच रडलो, आणि तेव्हा एकही कॅमेरा जवळ नव्हता. हा पुरावा म्हणायचा की भावना? तुम्ही दोघं भांडल्याशिवाय मला कळायचं कसं?

असो. सभागृह देणाऱ्यांचे, माईक सांभाळणाऱ्यांचे आभार. अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला, आणि...

थांबा. दाराशी कसला गलका? अहो, चष्मेवाले काका! काय म्हणता? मोठ्यानं बोला!

ते म्हणताहेत, "मी निरोप द्यायला नाही, प्रतिवाद करायला आलोय."

सरका, जागा द्या त्यांना. सर, हसताय काय? उत्तर तयार ठेवा.